गारवा विकत घेण्याआधी वारा आवरा

पोरांनो, ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात तुमच्यासारखे कितीतरी जण आता डेटा सेंटरच्या शिफ्टला लागले आहेत. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी क्षमता मुंबई परिसरात आहे. समुद्राखालच्या केबल इथल्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, म्हणून डेटा सेंटर इथे आली. हवा मात्र या कामाला सोयीची नाही. ती दमट, खारट आणि वर्षातले बहुतेक दिवस उबदार असते. म्हणून इथे थंडाव्याचा प्रत्येक अंश वीज मोजून मिळवावा लागतो. या धंद्यात केस पांढरे झाले, त्यात जे हाताला लागलं ते तुमच्या कानावर घालतो. मुद्दा एकच आहे आणि त्याला क्रम आहे: आधी हवेची गळती बंद करा, मग पंखे हळू करा, मग तापमान वर न्या, आणि सगळ्यात शेवटी नवं यंत्र मागा. हा क्रम उलटा केलात तर पैसा जातो आणि सर्व्हरही तापतात.

आकडा समजून घ्या

सर्व्हरने घेतलेलं प्रत्येक युनिट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतं, आणि ती उष्णता बाहेर टाकायला आणखी वीज लागते. एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, हा तो पीयूई. 'द ग्रीन ग्रिड' या संस्थेने २००७ मध्ये तो रुळवला. पीयूई १.६ म्हणजे सर्व्हरच्या एका युनिटमागे ०.६ युनिट थंडावा, यूपीएस, दिवे यांत जातं, आणि त्यातला मोठा वाटा थंडाव्याचा असतो. १ मेगावॉट सर्व्हर असलेल्या जागेत हा आकडा १.६ वरून १.५ वर आणलात तर वर्षाला ८ लाख ७६ हजार युनिट वाचतात. दशांशाचा एक घर म्हणून त्याला हलका समजू नका.

तापमान सर्व्हरच्या तोंडाशी मोजा

पीएसीच्या, म्हणजे खोली गार करणाऱ्या एसी यंत्राच्या, पडद्यावर दिसतं ते बहुतेक वेळा परतीच्या हवेचं तापमान असतं. सर्व्हर ती हवा घेत नाही. राउंडला जाताना थर्मामीटर बरोबर ठेवा आणि रॅकच्या पुढच्या बाजूला तीन ठिकाणी मोजा: तळाला, मध्यावर, माथ्यावर. तळाला १९ आणि माथ्याला २९ असं दिसलं तर सेटपॉइंट खाली ओढायचा मोह आवरा. तिथे गारवा कमी पडलेला नाही. मागची गरम हवा रॅकच्या डोक्यावरून पुढे येते आहे आणि वरचा सर्व्हर तीच पुन्हा घेतो आहे. सेटपॉइंट उतरवलात तर तळाचे सर्व्हर उगाच गारठतील आणि वरचा होता तिथेच राहील.

टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी खिशात असू द्या. ती फरशीतल्या जाळीदार टाइलवर धरा, रॅकच्या फटीशी धरा, केबलच्या भोकापाशी धरा. हवा कुठून कुठे जाते ते पट्टी लगेच सांगते. पीएसीच्या अगदी जवळच्या जाळीदार टाइलवर कधी कधी ती पट्टी वर उडण्याऐवजी खाली ओढली जाते. फरशीखाली त्या जागी वारा इतका वेगात असतो की दाब पडतो आणि टाइल खोलीतलीच हवा आत खेचते. अशी टाइल तिथून काढून पुढे सरकवा.

एकही यू उघडा ठेवू नका

रॅक ४२ यूचा, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. सर्व्हर काढला आणि जागा तशीच सोडली की तिथून मागची गरम हवा पुढे येते. ब्लँकिंग पॅनेल लावायला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही, चापाचं प्लॅस्टिकचं पॅनेल बोटाने बसतं. तरी दहा रॅकमध्ये डोकावलात तर उघड्या जागा दिसतीलच. सर्व्हर काढणारा माणूस आयटीचा आणि पॅनेल लावणारा फॅसिलिटीचा, त्यामुळे हे काम दोघांच्या मध्ये पडून राहतं. म्हणून नियमच करून घ्या: सर्व्हर काढायचं तिकीट पॅनेल लावल्याशिवाय बंद होणार नाही.

फरशीतली केबलची भोकं ब्रशच्या झडपेने बुजवा. रॅकच्या बाजूच्या फटी आणि दोन रॅकमधल्या सांधी बंद करा. जाळीची टाइल फक्त कोल्ड आइलमध्ये, म्हणजे रॅकच्या तोंडाकडच्या गल्लीत, ठेवा. हॉट आइलमध्ये, म्हणजे रॅकच्या पाठीकडच्या गल्लीत, काम करणाऱ्याला घाम येतो म्हणून कोणीतरी तिथे एक टाइल सरकवून देतो आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. त्या माणसाला हवं तर फिरता पंखा द्या, पण टाइल काढा.

आइल बंदिस्त करा

रॅक तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून ठेवायचे, ही रीत आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी १९९२ च्या सुमारास मांडली. तेव्हापासून जगभर ती चालते. पण नुसती रांग लावून भागत नाही, वरून आणि टोकाकडून हवा मिसळतेच. म्हणून आइलच्या टोकाला दार आणि वर छत हवं. बजेट नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदेही बरंच काम करतात. मात्र पडदा लावण्याआधी फायर सेफ्टीवाल्यांना बोलवा. स्प्रिंकलर किंवा गॅसच्या नोझलसमोर छत आलं तर आग लागल्यावर ते काम करणार नाहीत. वीज वाचवण्यासाठी सुरक्षिततेला हात लावायचा नाही, हे पक्कं.

मग पंखे हळू करा

गळती बंद झाली की खोलीला पूर्वीइतका वारा लागत नाही. इथे खरी कमाई आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. ७.५ किलोवॉटचा पंखा ८० टक्के वेगाने चालवला तर तो ३.८ किलोवॉटच्या आसपास घेतो, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला सुमारे ३२ हजार युनिट वाचतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. चार पीएसी पूर्ण वेगाने आणि पाचवी बंद ठेवण्यापेक्षा पाचही ८० टक्क्यांवर चालवा. वारा तेवढाच मिळेल, पंख्यांची वीज एक तृतीयांशाहून जास्त वाचेल, आणि एक मशीन पडली तर उरलेल्या चार वेग वाढवून भार लगेच उचलतील. हे अर्थात वेग बदलता येणारे (व्हीएफडी किंवा ईसी) पंखे असलेल्या मशीनना लागू. पट्ट्याच्या जुन्या, एकाच वेगाच्या मशीनवर हा खेळ करू नका.

तापमान वर न्या, पण एकेका अंशाने

सर्व्हर रूम म्हणजे हुडहुडी भरलीच पाहिजे, हा समज अजून गेलेला नाही. ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्येच सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस दिली. तरी कित्येक खोल्या आजही २० वर चालतात, कारण भेटीला आलेल्या साहेबाला गार वाटलं की समाधान होतं. साहेबाला आलेख दाखवा.

एका आठवड्यात एक अंश, त्याहून घाई नको. प्रत्येक पायरीनंतर माथ्याच्या सर्व्हरचं तापमान आणि सर्व्हरच्या पंख्यांचा वेग बघा. २५-२६ च्या पुढे काही सर्व्हर स्वतःचे पंखे जोरात फिरवू लागतात. मग चिलरमध्ये, म्हणजे पीएसीला गार पाणी पुरवणाऱ्या यंत्रात, वाचवलेली वीज सर्व्हरमध्ये खर्च होते, आणि ती आयटीच्या खात्यात पडल्यामुळे पीयूई उलट चांगला दिसतो. अशा वेळी पीयूईवर जाऊ नका, एकूण मीटर बघा. एकूण वीज कमी झाली तरच बचत झाली.

दमटपणाशी उगाच भांडू नका

आपल्या किनाऱ्यावर वीज ओलाव्याच्या मागे कशी जाते ते नीट समजून घ्या. जुन्या पद्धतीत चिलरचं पाणी ७ अंशांवर पाठवतात. कॉइल इतकी गार की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन गळते. त्यात चिलरचा दम जातो. मग हवा कोरडी झाली म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातली पीएसी ह्युमिडिफायर लावून तीच वाफ परत घालते. दोन मशीन एकमेकींच्या विरुद्ध राबतात आणि दोघींचं बिल आपण भरतो. बऱ्याचदा मूळ कारण एखाद्या मशीनचा चुकीचं दाखवणारा सेन्सर असतं. सगळे सेन्सर एका खात्रीच्या उपकरणाशी ताडून घ्या आणि सगळ्या मशीन एकाच ड्यू पॉइंटवर, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्या तापमानावर, बांधा. ॲश्रेची वरची मर्यादा १५ अंश ड्यू पॉइंट आहे. तिच्या आत राहिलात की पुरे.

पावसाळ्यात बाहेरचा ड्यू पॉइंट २४-२५ पर्यंत जातो. तेव्हा दार उघडं ठेवणं म्हणजे ओलावा आत ओतणं. ताजी हवा लागेल तेवढीच, सुकवून घ्या.

गच्चीवर रोज जा

खोलीचं तापमान वर गेलं की चिलरचं पाणीही वर नेता येतं. पाणी एका अंशाने वाढवलं की चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्के कमी होते. शिवाय पाणी १५-१६ च्या वर गेलं की कॉइल कोरडी राहते आणि ओलाव्याचं भांडण आपोआप मिटतं.

गच्चीवरचा कूलिंग टॉवर माठासारखं काम करतो. बाष्पीभवनाने पाणी गार होतं, आणि मुंबईच्या श्रावणात माठातलं पाणी जसं फारसं गार होत नाही तसंच टॉवरचंही होत नाही. बाहेरच्या वेट बल्बच्या, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरच्या तापमानाच्या, खाली टॉवर जाऊच शकत नाही. म्हणून टॉवरमधून निघणारं पाणी आणि वेट बल्ब यांतला फरक, म्हणजे अप्रोच, रोज वहीत लिहा. तो ३-४ अंशांचा होता आणि आता ६-७ झाला, तर फिल्स, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या जाळ्या, चोंदल्या आहेत किंवा नोझल बंद आहेत. चिलरच्या कंडेन्सरचा अप्रोचही असाच लिहा. तो वाढला की नळ्यांत क्षार बसले. खाडीजवळच्या हवेत एअर कूल्ड कंडेन्सरच्या पत्र्यांवर मिठाचा आणि धुळीचा थर लवकर चढतो. देखभाल कराराच्या (एएमसीच्या) तारखेची वाट न बघता ते धुवून घ्या.

१९ जुलै २०२२ ला लंडनचा पारा ४० वर गेला आणि गूगल व ओरॅकलच्या तिथल्या डेटा सेंटरची कूलिंग यंत्रणा कोलमडली. आपल्या गच्चीवर बाहेर ३६ असताना दाटीवाटीने बसवलेल्या कंडेन्सरच्या तोंडाशी ४२ असू शकतं, कारण शेजारच्याची गरम हवा हाच ओढतो. हवामान खात्याच्या आकड्यावर विसंबू नका, तिथे स्वतः थर्मामीटर धरा.

पाण्याचाही हिशेब ठेवा. बाष्पीभवनाने एक युनिट उष्णता घालवायला सुमारे दीड लिटर पाणी जातं. १ मेगावॉट उष्णतेला दिवसाला ३५ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. ज्या राज्यात मे महिन्यात गावं टँकरची वाट बघतात, तिथे पिण्याचं पाणी टॉवरवर उडवणं मला पटत नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मागा, आणि ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी सोडणं, मोजून करा.

वीज गेली की किती मिनिटं आहेत?

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी गेली. अशा वेळी डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, काही सेकंदांत उभा राहतो, पण चिलर पुन्हा गार पाणी द्यायला काही मिनिटं घेतो. तेवढा वेळ सर्व्हर यूपीएसवर तापतच असतात. म्हणून पंखे आणि पंप यूपीएसवर हवेत आणि गार पाण्याची बफर टाकी भरलेली हवी. तापमान वर नेण्याआधी आपल्या खोलीला किती मिनिटं मिळतात हे मेंटेनन्सच्या वेळी मोजून लिहून ठेवा. ते न मोजता सेटपॉइंट वर नेऊ नका.

पाणी रॅकपर्यंत येतंय, तयार राहा

एआयचे काही रॅक आता १२० किलोवॉटच्या घरात गेले आहेत. इतकी उष्णता नुसत्या वाऱ्याने निघत नाही. तेवढ्याच घनफळात पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून ते थेट चिपपर्यंत न्यावं लागतं. त्याला गार पाणी लागत नाही, ३०-४० अंशांचंही चालतं, त्यामुळे चिलरला बराच आराम मिळतो. पण पाणी ड्यू पॉइंटच्या वर ठेवणं, त्याची शुद्धता तपासणं, प्रत्येक जोडावर हात फिरवून गळती बघणं, हे रोजचं काम होईल. प्लंबिंग हलकं समजू नका, जाणत्या फिटरकडून शिकून घ्या.

गूगलने २०१६ मध्ये सांगितलं की डीपमाइंडच्या प्रणालीने त्यांच्या थंडाव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केली. तुमच्याकडेही असं काही येईल. पण चुकीचा सेन्सर आणि उघडी फट यांवर कुठलीच हुशार प्रणाली उपाय करत नाही. ते काम शिफ्टवरच्या माणसाचं आहे.

तेव्हा पुढच्या शिफ्टला पहिल्या तासात एवढं करा: एक रांग निवडा, उघडे यू मोजा, भोकं मोजा, तिन्ही उंचीवर तापमान लिहा. तेवढी रांग बंदिस्त करा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. ते दोन कागद साहेबांपुढे शेजारी शेजारी ठेवा. आणि जोवर ही रांग बंदिस्त झालेली नाही, तोवर नव्या पीएसीच्या मागणीवर सही करू नका.