कारीगराची थकबाकी : हिशोब कसा करावा?

शिलाईचा कारखाना असो, फर्निचरचे दुकान असो की बेकरी, आपल्याकडे मालक आणि कारीगर यांचा व्यवहार बहुधा तोंडीच चालतो. उचल दिली, खाडे कापले, ईदला थोडे हातावर ठेवले की हिशोब मिटला असे आपण समजतो. कारीगर काम सोडतो तेव्हा मात्र जुनी बाकी निघते आणि वर्षानुवर्षांचा घरोबा तुटतो. म्हणून थकबाकी म्हणजे काय, ते समजून घेऊ.

द्यायला हवे होते किती आणि प्रत्यक्ष दिले किती, यांतील फरक म्हणजे थकबाकी. ती मुख्यतः तीन ठिकाणी साचते : राहिलेला पगार, किमान वेतन वाढल्यावरही जुन्याच दराने दिलेली मजुरी आणि जादा तासांचा अपुरा मोबदला. जादा तासांना दर दुप्पट असतो.

एक उदाहरण घेऊ. रोजामागे ४० रुपये कमी दिले गेले, महिन्याला २६ दिवस, असे ५ महिने. बाकी ५,२०० रुपये. शिवाय ३० जादा तास झाले. ताशी १२० रुपये देणे असताना ६० दिले. बाकी १,८०० रुपये. एकूण देणे ७,००० रुपये. ईदची भेट यात वळती करू नये. ती आपण खुशीने दिलेली असते. उचल कापायची तर वहीत वेगळी दाखवावी. साऱ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीच्या आधी द्यायचा असतो. कारीगराने काम सोडले किंवा त्याला काढले, तर कामकाजाच्या २ दिवसांत पगार चुकता करावा लागतो. कारीगर ३ वर्षांपर्यंत दावा करू शकतो. पगार दिला, हे सिद्ध करणे मालकाकडे असते. बाकीखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम होऊ शकतो.

तेव्हा हजेरी, दर, उचल आणि दिलेली रक्कम दर पगाराला लिहावी, कारीगराची सही घ्यावी व त्याला पगारचिठ्ठी द्यावी. बाकी निघाली तर त्याने मागण्याची वाट पाहू नये. आपणच बोलावून द्यावी. तो पैसा आपल्या गल्ल्यात असला, तरी आपला नव्हे.