घडवलेले आणि बोलावलेले
शहापूर-मुरबाडच्या मातीत अद्भुत कथा लिहिणाऱ्यांसाठी

अद्भुत कथेतला मांत्रिक दोन कामे करतो. जे कुठेच नव्हते ते घडवतो, किंवा जे दुसरीकडे आहे त्याला आपल्यापुढे बोलावतो. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसते: मघाशी जागा मोकळी होती, आता तिथे काहीतरी उभे आहे. कथेच्या दृष्टीने मात्र ही दोन कामे अगदी निराळी. घडवलेल्याला घडवणाऱ्याशिवाय कुणी नसते. बोलावलेल्याला घर असते, मर्जी असते, रागलोभ असतो आणि त्याला परत जायचे असते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली लोकश्रद्धा बहुतांशी बोलावण्याची आहे. इथली कथा लिहायला घेणाऱ्याने पहिले पान लिहिण्याआधीच हा फरक मनात पक्का करावा.

काय करावे

किंमत कुणाच्या अंगावर पडते ते ठरवा. घडवण्याची किंमत घडवणारा स्वतः मोजतो. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी दुसरा स्वर्ग उभारला तो स्वतःचे तप ओतून. द्रौपदीला मिळालेल्या थाळीतून कितीही जण जेवत, पण तिचे स्वतःचे जेवण झाले की त्या दिवसापुरती थाळी संपली. त्या एका अटीमुळेच दुर्वास ऋषी अवेळी दारात आल्यावर प्रसंग उभा राहतो. बोलावण्यात किंमत येणारा सांगतो. तो नारळ मागेल, कोंबडा मागेल, नाहीतर तुमच्या नायकाला कधीच पाळता येणार नाही असे वचन मागेल.

पाण्यावर परीक्षा घ्या. हा फरक इतक्या लख्खपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देते आहे. भातसाही शहापूर तालुक्यातच आहे आणि मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तिथूनच जातो. त्याच तालुक्यात, कसाऱ्याच्या बाजूला, उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे रोजची आहे. आता तुमच्या कथेतली मुलगी कोरड्या विहिरीच्या काठावर मंत्र म्हणते आणि विहीर भरते. ते पाणी तिने घडवले की तानसातून बोलावले? घडवले असेल तर तिच्या अंगातले काय आटले, ते सांगा. बोलावले असेल तर मुंबईतल्या कुठल्यातरी चाळीत त्या सकाळी नळ कोरडा राहील. तिथल्या बाईलाही कथेत एक ओळ द्यावी लागेल. आणि मग मूळ प्रश्न आपोआप पुढे येतो: हे पाणी आधी कुणी कुणाकडून बोलावून नेले होते? पहिल्या पर्यायातून त्यागाची कथा निघते, दुसऱ्यातून हक्काची. दोन्ही लिहिण्याजोग्या आहेत, पण आपण कोणती लिहितो आहोत हे लिहिणाऱ्याला ठाऊक हवे.

गोरखगडाच्या पायथ्याशी जाऊन या, आणि त्याआधी नवनाथांची कथा वाचा. मुरबाड तालुक्यात देहरी गावावर गोरखगड आणि मच्छिंद्रगड शेजारी शेजारी उभे आहेत. गोरखनाथांनी तिथल्या गुहेत साधना केली, अशी श्रद्धा आहे. धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या 1819 मधल्या ग्रंथात गहिनीनाथांच्या जन्माची कथा येते. बाल गोरख संजीवनी मंत्र घोकतो आहे. सोबतची मुले म्हणतात, आम्हाला चिखलाचा गाडा करून दे, त्यावर बसायला गाडीवानही दे. गोरख चिखलाची बाहुली करतो, तोंडाने मंत्र चालूच असतो, आणि करभंजन नारायण त्या मूर्तीत संचार करतो. मुले भुताच्या भयाने पळ काढतात. देह घडवला गेला, जीव मात्र बाहेरून आला. म्हणूनच गहिनीनाथ हे गोरखाचे खेळणे ठरत नाहीत, त्यांचे स्वतःचे आयुष्य आहे, पुढे त्यांना पालक मिळतात आणि गुरुपरंपरेत जागा मिळते. मातीला नुसती हालचाल आली असती तर कथा त्या दुपारीच संपली असती. तुमच्या कथेत पुतळे चालणार असतील, बाहुल्या बोलणार असतील, तर आत कोण आले हे आधी ठरवा.

आधीपासून कोण राहते ते विचारा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर जंगल रिकामे मानत नाहीत. शिवेवर वाघोबा असतो, त्याला वाघबारशीला नैवेद्य मिळतो. गावदेव असतो, हिरवा देव असतो. बोलावण्याची कथा लिहायची तर येणाऱ्याचा पत्ता हवा: कुठला डोंगर, कुठला ओढा, कुणाचा शेजारी.

परत पाठवण्याचा प्रसंग लिहा. नवे लेखक आगमनावर तीन पाने खर्च करतात आणि पाठवणी विसरतात. आपल्या घरच्या पूजेत असे होत नाही. गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते तशी उत्तरपूजाही होते, मगच मूर्ती हलते. कुंतीने दुर्वासांचा मंत्र केवळ कुतूहलाने म्हणून पाहिला, सूर्य समोर आला, आणि तो काही दिल्यावाचून परत जाईना. कर्णाचे सगळे आयुष्य त्या एका न जमलेल्या पाठवणीतून आले आहे.

बाहेरच्यांकडून नियम शिका. हॅरी पॉटरच्या जगात अन्न शून्यातून करता येत नाही, पण ते कुठे आहे हे माहीत असेल तर बोलावता येते. त्यामुळे जंगलात लपलेली तीन हुशार मुले जादू येत असूनही उपाशी राहतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत याहून बारीक भेद आहे: एका प्रकारच्या मंत्राने आलेला प्राणी मारला गेला तर तो फक्त आपल्या ठिकाणी परततो, दुसऱ्या प्रकाराने आलेला खराच मरतो. असा एक नियम पक्का असला की लढाईच्या प्रत्येक ओळीला वजन येते.

काय टाळावे

भगताला हवेतून वस्तू काढायला लावू नका. ते काम जादूगाराचे, हातचलाखीचे, आणि रंगमंचावर ती देखणी कला आहे. पाड्यावरचा भगत सुपात तांदळाचे दाणे पाहतो, कुठला देव रुसला ते सांगतो, कुणाला काय द्यायचे ते ठरवतो. तो मध्यस्थ आहे. त्याच्या बोटांतून ठिणग्या निघाल्या की तो परक्या चित्रपटातला माणूस होतो.

देवाशी दरबारी भाषा नको. ‘हे महाशक्ती, आपण प्रकट व्हावे’ असे पाड्यावर कुणी म्हणणार नाही. देवाला ‘तू’ म्हणतात. ये, बस, काय चुकले ते सांग, घे आणि जा. थोरल्या माणसाला ‘बाबा’, ‘आजा’ म्हणताना राखला जाणारा मान तिथे असतोच, पण अंतर नसते.

अंगात येण्याचा तमाशा करू नका. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात मुखवटा चढवून सोंग निघते तेव्हा गाव त्या माणसाला नमस्कार करते, कारण त्या वेळी तो देवाची जागा झालेला असतो. मुखवटा उतरला की तोच माणूस सकाळी शेतावर जातो. दोन्ही बाजू लिहा. नुसते पांढरे डोळे आणि घोगरा आवाज लिहून भागणार नाही.

एखाद्या जमातीला काळ्या जादूचे माहेर ठरवू नका. या मुद्द्यावर मी कुणालाही सवलत देणार नाही. कातकरी म्हटले की चेटूक, एकटी म्हातारी म्हटली की चेटकीण, असे लिहिणे आळसाचे तर आहेच, शिवाय त्याचे परिणाम खऱ्या माणसांना भोगावे लागतात. चेटकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. कुणी जादूटोणा करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. कथालेखकाने या कायद्याची अनुसूची जरूर वाचावी. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे तिथे एका कलमात आहे, भुताला आवाहन करण्याची धमकी देऊन घबराट पसरवणे दुसऱ्या कलमात. घडवल्याचा दावा आणि बोलावल्याचा दावा, दोहोंतून होणारी फसवणूक कायद्यानेही वेगवेगळी ओळखली आहे.

सर्पदंश मंत्राने उतरवू नका. मांत्रिक साप बोलावतो, साप येऊन आपलेच विष चोखून घेतो, ही जुनी कथा ऐकायला रंजक आहे. पण भातलावणीच्या दिवसांत या तालुक्यांत नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावणे ही खरीखुरी भीती आहे, आणि मंत्रतंत्रात गेलेला तास जीव घेतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्र, गंडेदोरे करणे हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. तुमची कथा एखाद्या बारा वर्षांच्या मुलाने वाचली आणि तेच खरे मानले, तर? प्रसंग हवाच असेल तर भगतालाच म्हणू द्या, ‘पोरा, हे माझं काम नाही, गाडी बघ’, आणि रुग्णाला सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघू द्या. त्याने भगताचा मान कमी होत नाही. आपल्या बोलावण्याने कोण येते आणि कोण येत नाही, हे त्याला नेमके कळते.

नियम मध्येच बदलू नका. पहिल्या प्रकरणात वाघोबा शिवेबाहेर पाऊल टाकत नसेल, तर शेवटच्या प्रकरणात नायक कितीही अडचणीत असला तरी त्याला माळशेज घाट ओलांडून आणू नका. नायकालाच शिवेपर्यंत चालत यायला लावा.