एचआयव्ही तपासणी : नागपुरात पैसे कुठे लागतात, कुठे वाया जातात

नागपुरात एचआयव्हीची तपासणी करायला एक रुपयाही लागत नाही. मेडिकल, मेयो आणि डागा रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत होते. आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मग रक्त घेतात. २०१७च्या कायद्याने संमती आणि गुप्तता हा तुमचा हक्क आहे. तरीही ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने अनेक जण खासगी लॅब गाठतात. तिथे रॅपिड किंवा एलायझा चाचणी साधारण तीनशे ते हजार रुपयांत होते आणि आरएनए पीसीआरला काही हजार मोजावे लागतात. दर लॅबनुसार बदलतात, म्हणून आधी फोन करून विचारावं.

महागडी चाचणी म्हणजे जास्त खात्रीची, असं काही गणित नाही. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो आणि त्या दुरुस्तही करत नाही, त्यामुळे त्याचे प्रकार-उपप्रकार वाढत गेले. भारतात एचआयव्ही-१चा ‘सी’ उपप्रकार सर्वाधिक आढळतो आणि आजचे किट तो व्यवस्थित पकडतात. अडचण आली होती ती कॅमेरूनकडच्या ‘ओ’ गटात. नव्वदच्या दशकात काही चाचण्यांतून तो निसटला, तेव्हा उत्पादकांना किटमध्ये त्या गटाचे प्रतिजन घालावे लागले.

आयसीटीसीत एका चाचणीवर ‘पॉझिटिव्ह’ ठरवत नाहीत. पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आली, तर वेगळ्या प्रतिजनाच्या किंवा वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या होतात. एका किटची उणीव दुसरं भरून काढतं, तेही फुकट. खासगी लॅबचा अहवाल रिअ‍ॅक्टिव्ह आला, तर घाबरून वेस्टर्न ब्लॉटवर हजार-दोन हजार घालवू नका, सरळ मेडिकलला जा.

विषाणूच्या विविधतेचा खरा फटका बसतो तो एचआयव्ही-२मध्ये. १९९१च्या सुमारास मुंबईत त्याची नोंद झाली. तो आपल्याकडे कमी आढळतो, पण महागात पडतो. प्रतिपिंडांची सरमिसळ होत असल्याने रॅपिड किटवर कधी दोन्ही प्रकारांच्या रेषा उमटतात. अशा वेळी नमुना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे नॅकोने, ठरवलेल्या प्रयोगशाळेत पाठवून घ्यावा. कारण नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१पुरती असते. एचआयव्ही-२च्या रुग्णाला ती ‘विषाणू आढळला नाही’ असा गोड अहवाल देईल आणि आतून प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी घसरत राहतील. नेव्हिरॅपिन, एफाविरेंझ ही औषधंही त्याच्यावर चालत नाहीत. अहवालात ‘एचआयव्ही-१ की २’ हे लिहून घ्या. एवढं विचारलं तरी पुढचे बरेच पैसे वाचतात.

बाकी बहुतेकांना चुकीचा निगेटिव्ह मिळतो तो विषाणूच्या रूपांमुळे नव्हे, तर घाईमुळे. शिरेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी संसर्गानंतर ४५ दिवसांनी आणि फक्त प्रतिपिंडं पाहणारी रॅपिड चाचणी ९० दिवसांनी भरवशाची ठरते. आठव्या दिवशी हजार रुपये मोजून आणलेला निगेटिव्ह फार तर मनाचं समाधान. शंका ताजी असेल, तर तपासणीपेक्षा आधी डॉक्टर गाठावा. प्रतिबंधक गोळ्या जोखमीच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात.

संसर्ग होऊनही चाचणीत न दिसण्याच्या या खिडकी-काळाची किंमत नागपूरकरांना ठाऊक आहे. मे २०२२मध्ये थॅलेसेमियाची चार मुलं एचआयव्हीबाधित आढळली, त्यातलं एक दगावल्याचं आरोग्य खात्याने सांगितलं. कुटुंबांचा संशय रक्त संक्रमणावर होता. विदर्भात सिकलसेलचेही रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यांतल्या काहींनाही वारंवार रक्त लागतं. रक्तपेढीत एचआयव्हीची तपासणी सक्तीची असली, तरी विषाणूची जनुकं थेट शोधणारी नॅट चाचणी देशभर सक्तीची नाही. तिने खिडकी-काळ बराच आखडतो, पण शून्य होत नाही. तिचे पैसे वेगळे लागतात. माझ्या मते, वारंवार रक्त घेणाऱ्यांनी पैसे खर्च करायची हीच एक जागा. नॅट केलेलं रक्त मिळेल का आणि त्याचे किती, हे पिशवी मागवतानाच विचारा आणि पावती जपून ठेवा.

माहितीसाठी १०९७ हा नॅकोचा टोल-फ्री क्रमांक आहे. तिथे नाव सांगायची गरज नाही.