डोंगऱ्यादेवाचा नाच : परिसर अभ्यासाचा एक पाठ



मार्गशीर्ष महिना लागला की साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील काही मुले शाळेत दिसेनाशी होतात. हजेरीपटावर गैरहजेरी मांडून आपले कर्तव्य संपत नाही. ती कोठे जातात, हेही शिक्षकाला ठाऊक असावे.

या दिवसांत कोकणा व भिल्ल समाजांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. साक्रीप्रमाणेच नवापूर, बागलाण, कळवण, सुरगाणा व डांग या भागांतही तो होतो. (नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते.) व्रत घेतलेले पुरुष काही दिवस घरदार सोडून खळीवर राहतात, नेमधर्म पाळतात आणि गावोगाव फिरून नाचतात. गावकरी त्यांना धान्य देतात. पौर्णिमेच्या रात्री सर्वजण डोंगरावरील देवस्थानी जाऊन पूजा करतात.

नाच फेर धरून होतो. पावरीच्या सुरावर पावले एकदम पडतात. वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या मेणाने जोडून हे फुंकवाद्य करतात. नाचता नाचता कोणाच्या अंगात वारे येते. त्याची वर्गात थट्टा होऊ देऊ नये. ज्या डोंगराने पाणी, लाकूड व चारा दिला, त्याच्यापुढे सर्व गावाने कृतज्ञ होणे आणि माणसांचे, गुराढोरांचे व पिकांचे क्षेम मागणे, हा या नाचाचा अर्थ आहे.

येथे माझी एक चूक सांगतो. मी शिक्षक असताना स्नेहसंमेलनासाठी मुलांकडून हाच नाच बसवून घेतला. टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु एका मुलाचे आजोबा शांतपणे म्हणाले, “गुरुजी, नाच दिसला; देव कोठे होता?” मला उत्तर देता आले नाही.

इंडोनेशियातील बाली बेटावरही हाच प्रश्न उभा राहिला होता. देवळातील नृत्ये प्रवाशांपुढे होऊ लागली, तेव्हा १९७१ साली देनपसार येथे विचारवंत व कलावंतांनी परिसंवाद भरवून पवित्र नृत्ये व करमणुकीची नृत्ये यांत भेद ठरविला. देवळातील नृत्य रंगमंचावर आणण्याऐवजी पाहुण्यांच्या स्वागतासाठी निराळे नृत्यही तेथे रचण्यात आले. २०१५ साली युनेस्कोने बालीच्या नृत्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या नोंदीतही पवित्र, अर्धपवित्र व करमणुकीची असे तीन वर्ग आहेत.

आपणही तोच मार्ग धरावा. वर्गात मुलांना पुढील प्रश्न विचारावेत :

१. आपल्या गावात कोणता नाच देवासाठी होतो व कोणता लग्नात?
२. पावरी कोण तयार करतो? कशाची?
३. डोंगर आपल्याला काय देतो?

शक्य असल्यास पावरी वाजविणाऱ्या वडीलधाऱ्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे. काय दाखवावे व काय दाखवू नये, हे त्यांनीच ठरवावे. संमेलनासाठी मुलांनी लग्नातील नाच करावा किंवा स्वतः नवा रचावा. उत्सवाहून परतलेल्या मुलाला प्रथम रागावू नये. त्याने काय पाहिले ते वर्गाला सांगू द्यावे. त्या दिवशी शिकविणारा तो असेल आणि ऐकणारे आपण.