घड्याळ कुणाचे?

पौष महिना होता. काकूंचा मुलगा नोकरीसाठी लंडनला निघाला. तिकिटाची एक नक्कल त्याने घरी ठेवली होती. काकू आता वाचायला शिकल्या आहेत. त्यांनी आकडे स्वतः वाचले. मुंबईहून सुटणार दुपारी १२ वाजता. लंडनला पोचणार ४.३० वाजता.

साडेचार वाजले. सहा वाजले. फोन काही आला नाही. काकूंच्या पोटात गोळा उठला. दिवेलागणीला त्या कागद घेऊन वर्गात आल्या.

"गुरुजी, बघा हो! पोराचा अजून पत्ता नाही."

गुरुजी म्हणाले, "काकू, बसा. घाबरू नका. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पण घड्याळ कुणाचं, ते बघायचं राहिलं. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची. पोचायची वेळ लंडनच्या घड्याळाची."

"घड्याळं काय वेगळी असतात?"

"असतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. आपण पूर्वेला, लंडन पश्चिमेला. म्हणून सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, मग तिकडे. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. आता ४.३० मध्ये साडेपाच तास मिळवा."

काकूंनी बोटांवर मोजले. "अगं बाई! रात्रीचे १० वाजले की! म्हणजे प्रवास १० तासांचा. विमान अजून वाटेतच आहे!"

"बरोबर. आता अंतर बघा. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर जातं. भागाकार केला तर ८ तास येतात. पण चढायला-उतरायला वेळ जातो. वाटही अगदी सरळ नसते. शिवाय उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो. येताना तोच पाठीशी असतो. म्हणून येताना वेळ कमी लागतो."

काकूंच्या जिवात जीव आला. घरी जाऊन त्या चार घास जेवल्या. रात्री ११ वाजता फोन वाजला.

"आई, पोचलो गं!"

काकू म्हणाल्या, "तिकडे साडेपाच वाजले असतील. चहा घेतलास का?"

लक्षात ठेवा

१. तिकिटावर ज्या गावची वेळ, त्या गावचे घड्याळ.
२. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा असतो.

हिशेब करा

हिवाळ्यात एक विमान लंडनहून सकाळी ९ वाजता सुटले. मुंबईला ते रात्री ११.३० वाजता उतरले. प्रवासाला किती तास लागले? (उत्तर : ९ तास)