हरल्यानंतरचा पुढचा सामना: ब्राझील २०१४, अर्जेंटिना २०२२ आणि आपलं दुकान



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता, ‘सीझन फसला, आता स्टाफला पुन्हा उभं कसं करायचं?’ व्हिडिओत वेळ कमी पडतो. त्यात फुटबॉलचं उदाहरण दोन मिनिटांत उरकावं लागलं, म्हणून ते इथे नीट लिहितोय. फुटबॉल बघत नसाल तरी काही अडत नाही. टीम म्हणजे माणसंच, आणि हरल्यावर माणसं सगळीकडे सारखीच वागतात.

आपल्याकडे कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. आज याच दोन टीम घेऊ. दोघींनाही भर वर्ल्ड कपमध्ये जबर दणका बसला होता. एक त्यानंतर उठलीच नाही. दुसरी २६ दिवसांनी कप घेऊन घरी गेली. फरक कुठे पडला, ते बघू.

सहा मिनिटांत चार गोल

८ जुलै २०१४. ब्राझीलमधलं बेलो होरिझोन्ते शहर, सेमीफायनल, समोर जर्मनी. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. अधिकृत स्पर्धेचा सामना ब्राझील घरच्या मैदानावर १९७५ नंतर हरलाच नव्हता.

पण दोन माणसं नव्हती. स्टार खेळाडू नेमार आधीच्या सामन्यात मणक्याला फ्रॅक्चर होऊन बाहेर गेला होता. कॅप्टन थियागो सिल्वाला त्याच सामन्यात दुसरं यलो कार्ड मिळालं, तेही विरोधी गोलकीपरच्या वाटेत आडवं गेल्याबद्दल. त्यामुळे सेमीफायनल खेळायला त्याला बंदी.

सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी ब्राझीलच्या खेळाडूंनी नेमारची जर्सी हातात धरली होती. डोळ्यांत पाणी, मनात जोश. म्हणजे भावना कमी नव्हत्या, हे लक्षात ठेवा.

११व्या मिनिटाला म्युलरचा गोल. ठीक आहे, एक गोल फिटतो. २३व्या मिनिटाला क्लोजे. मग २४, २६ आणि २९. साधारण सहा मिनिटांत चार गोल गेले आणि अर्ध्या तासाच्या आत स्कोअर ५-० झाला. शेवट ७-१.

हे सगळं निव्वळ मनामुळे झालं असं मी म्हणणार नाही. जर्मनी त्या वेळी फारच भारी टीम होती. ब्राझीलचे बचावपटू पुढे धावत होते आणि मागे मैदान मोकळं पडत होतं. पण त्या सहा मिनिटांची क्लिप बघाच. प्रत्येक गोलनंतर ब्राझील घाईघाईने चेंडू मध्यावर ठेवतं, लगेच पुढे धावतं, पुन्हा चेंडू हरवतं, पुन्हा गोल. ‘अरे थांबा, दोन मिनिटं सगळे मागे या’ असं सांगून सगळ्यांना सावरणारा एकही माणूस दिसत नाही.

ब्राझीलच्याच दिदीने काय केलं होतं?

आता ५६ वर्षं मागे चला. १९५८, वर्ल्ड कप फायनल, स्वीडनविरुद्ध स्वीडनमध्येच. चौथ्याच मिनिटाला स्वीडनने गोल केला. ब्राझीलने तोवर एकदाही वर्ल्ड कप जिंकलेला नव्हता. आठ वर्षांपूर्वी, १९५०मध्ये, घरच्या मैदानावर उरुग्वेकडून हरल्याची जखम ताजी होती. त्यात टीममध्ये १७ वर्षांचा पेले. घाबरायला सगळी कारणं हजर.

तेव्हा दिदी नावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूने जाळ्यातला चेंडू उचलला आणि मैदानाच्या मध्यापर्यंत तो सावकाश चालत गेला. जाताना एकेकाला धीर देत गेला. बाकीचे ‘लवकर चल’ म्हणत होते, पण त्याने चाल वाढवली नाही. पाच मिनिटांत बरोबरीचा गोल झाला आणि ब्राझील ५-२ने जिंकलं.

आणि बरं का, दिदी त्या टीमचा कॅप्टन नव्हता. कॅप्टन होता बेलिनी. म्हणजे लीडर व्हायला दंडावर पट्टी लागतेच असं नाही.

पहिला धडा: दणका बसल्या बसल्या निर्णय घेऊ नका

दुकानदार ती सहा मिनिटं रोज जगतो. समोर नवीन मार्ट उघडलं की लगेच २० टक्के सूट. मोठं गिऱ्हाईक तुटलं की त्याच दिवशी सेल्समनला सगळ्यांसमोर झापायचं. महिन्याचा धंदा कमी झाला की ‘उद्यापासून एक माणूस कमी करू’. हा घाईघाईने मध्यावर ठेवलेला चेंडू आहे. पहिला गोल समोरच्याने केलेला असतो, पुढचे चार आपणच ओढवून घेतो.

नियम सोपा ठेवा. मोठा फटका बसला की भाव, माणूस आणि उधारी या तीन गोष्टींवरचा कोणताही निर्णय ४८ तास घ्यायचा नाही. त्या ४८ तासांत दुकान नेहमीच्या वेळेला उघडायचं, नेहमीसारखी झाडलोट, पूजा, गल्ल्याचा हिशोब. मालकाची चाल बदलली नाही की स्टाफचा श्वास खाली बसतो.

कॅप्टन परत आला, टीम परत आली नाही

ब्राझीलची गोष्ट ७-१वर संपत नाही, आणि खरा धडा पुढच्या सामन्यात आहे. चार दिवसांनी, १२ जुलैला, तिसऱ्या क्रमांकासाठी नेदरलँड्सशी सामना होता. थोडीफार इज्जत परत मिळवायची संधी. कॅप्टन थियागो सिल्वाही परत आला होता.

काय झालं? दुसऱ्याच मिनिटाला त्याच कॅप्टनने रॉबेनला मागून ओढलं, पेनल्टी दिली गेली आणि तिसऱ्या मिनिटाला गोल. १७व्या मिनिटाला दुसरा. शेवटी ०-३. दोन सामन्यांत दहा गोल खाल्ले. त्यानंतर कोच स्कोलारी यांनी पद सोडलं.

खूप मालकांना वाटतं की मी स्वतः काउंटरला बसलो की सगळं सुरळीत होईल. नाही होत. चार दिवस टीमच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारलं नसेल, तर मालक येऊन बसल्याने फक्त भीती वाढते.

अर्जेंटिनाने काय वेगळं केलं?

२२ नोव्हेंबर २०२२, कतार. अर्जेंटिना ३६ सामने न हरता आलेली टीम. समोर सौदी अरेबिया, ज्याला कुणी धरतच नव्हतं. १०व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, १-०. पहिल्या हाफमध्ये आणखी तीनदा चेंडू जाळ्यात गेला, पण तिन्ही वेळा ऑफसाइड. दुसऱ्या हाफमध्ये ४८व्या आणि ५३व्या मिनिटाला सौदीने दोन गोल केले. संपला सामना, १-२.

पुढचा सामना चार दिवसांनी मेक्सिकोशी. हरले की थेट घरी. म्हणजे ब्राझीलसारखेच चार दिवस हातात होते. त्या काळात तीन गोष्टी झाल्या.

एक, सगळ्यात मोठा माणूस पुढे आला. मेस्सी पत्रकारांसमोर उभा राहिला. कारणं सांगायची नाहीत, आता आणखी एकत्र राहायचं, लोकांनी विश्वास ठेवावा, ही टीम त्यांना वाऱ्यावर सोडणार नाही, अशा अर्थाचं बोलला. कुणा एका बचावपटूचं नाव घेतलं नाही.

दोन, कोच स्कालोनी यांनी बदल केले. मेक्सिकोविरुद्ध तब्बल पाच खेळाडू बदलले. पण ज्यांना बसवलं त्यांना टाकून दिलं नाही. रोमेरो आणि मोलिना पुढच्या सामन्यांत परत आले आणि फायनलही खेळले.

तीन, पहिलं काम छोटं ठेवलं. मेक्सिकोविरुद्धचा पहिला हाफ अगदी रटाळ होता, गोलचं नाव नाही. पण घाई केली नाही, मागे मैदान मोकळं सोडलं नाही. ६४व्या मिनिटाला मेस्सीने लांबून गोल मारला. ८७व्या मिनिटाला बदली आलेल्या एन्झो फर्नांडिसने दुसरा. २-०.

पुढे पोलंडविरुद्ध तर मेस्सीची पेनल्टी गोलकीपरने अडवली. तरी टीम २-०ने जिंकली. गोल कुणाचे? मॅक अलिस्टर आणि हुलियन अल्वारेझ. सौदीविरुद्ध या दोघांपैकी एकही सुरुवातीच्या अकरात नव्हता. लीडर चुकला तरी टीम पडली नाही, कारण तोवर जबाबदारी वाटली गेली होती. १८ डिसेंबरला फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून कप घेतला.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हा विश्वास चार दिवसांत तयार झाला नव्हता. २०२१ची कोपा अमेरिका यातले बरेच जण एकत्र जिंकले होते. विश्वास ही बचत आहे, चांगल्या दिवसांत भरायची आणि वाईट दिवसांत काढायची. ज्याने बाराही महिने स्टाफशी फक्त पगारापुरतं बोलणं ठेवलंय, त्याला वाईट दिवसांत काढायला काही शिल्लक नसतं.

आता आपल्या दुकानात या

समजा, तालुक्याच्या गावात तुमचं कापडाचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत १२ लाखांचा धंदा झाला, यंदा ८ लाख. माल अंगावर पडलाय, व्यापाऱ्याचं देणं डोक्यावर आहे. चार जणांचा स्टाफ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय. त्यातला जुना, हुशार माणूस दुसरीकडे विचारपूस करतोय, हे तुमच्या कानावर आलंय. तो गेला तर त्याची बांधलेली गिऱ्हाइकंही जातील. इथे ‘जोश ठेवा रे’ म्हणून काही होत नाही. नेमारची जर्सी हातात धरण्यासारखंच आहे ते.

मग काय करायचं?

१. आधी आकडा बघा, मग कारण ठरवा. सगळे म्हणतात, ‘ऑनलाइनने मारलं.’ पण रजिस्टर काढा. समजा दोन्ही दिवाळीत ९०० गिऱ्हाइकं दुकानात आली. गेल्या वर्षी ६०० जणांनी खरेदी केली, यंदा ४००. सरासरी बिल दोन्ही वेळा २,००० रुपये. मग गिऱ्हाईक ऑनलाइन गेलेलं नाही, ते दुकानात येऊन रिकाम्या हाताने परत गेलंय. मोकळं मैदान सापडलं! आता विचारा, साइज नव्हती, की रंग नव्हते, की दाखवायला माणूस नव्हता? किती गिऱ्हाइकं आली हे लिहितच नसाल, तर आजपासून काउंटरला एक वही ठेवा आणि माणूस आत आला की एक रेघ मारा. बस.

२. स्टाफची वीस मिनिटांची बैठक घ्या. दुकान उघडण्याआधी, चहा मालकाकडून. पहिलं वाक्य मालकाचं: ‘सीझन आपला फसला, जबाबदारी माझी.’ मग तीनच प्रश्न. गिऱ्हाईक परत जाताना काय म्हणत होतं? तुमच्याकडे काय असतं तर ते थांबलं असतं? पुढच्या आठवड्यात आपण एक गोष्ट बदलू, ती कोणती? आणि मालकाने गप्प बसून लिहून घ्यायचं. मध्ये तोंड घातलं की बैठक तिथेच संपली.

३. कुणाचं नाव सगळ्यांसमोर नाही. ज्याचं खरंच चुकलंय त्याच्याशी बंद दाराआड बोला. जागा बदलायची तर बदला, साडी सेक्शनवरून शर्टिंगला टाका. पण ‘तू कामाचा नाहीस’ हा शिक्का मारू नका. परत यायची वाट मोकळी ठेवा.

४. पहिलं टार्गेट सात दिवसांचं आणि गाठता येईल असं. ‘पुढची दिवाळी १५ लाख’ हे आत्ता ऐकून कुणी हलणार नाही. यंदा दहातली साडेचारच गिऱ्हाइकं खरेदी करून गेली. या आठवड्यात दहातली पाच करू, एवढंच ठेवा. झालं की फलकावर लिहा, वडापाव आणा. टीमला तो पहिला गोल दिसायला हवा.

५. दोन नंबरचा माणूस आजच ठरवा. मालक आजारी पडला, लग्नाला गेला, तर काउंटरवर शब्द कुणाचा? ते सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. आणि त्याला खरे अधिकार द्या. समजा २०० रुपयांपर्यंतची सूट आणि बदलून देण्याचा निर्णय तो विचारल्याशिवाय घेईल. दुकान सोडायच्या विचारात असलेला तो जुना माणूस आठवतोय ना? बऱ्याचदा अशा माणसाला पगारापेक्षा हेच हवं असतं. पण अंदाज बांधू नका, त्यालाच विचारा.

एक इशारा

हे सगळं केलं आणि माल चुकीचाच भरलेला असेल, तर धंदा वाढणार नाही. पाच खेळाडू न बदलता नुसतं भाषण केलं असतं तर अर्जेंटिनाचं काय झालं असतं, याचा विचार करा. मोटिव्हेशन आणि दुरुस्ती दोन्ही लागतात. खरेदीत चूक असेल तर पुढच्या ऑर्डरआधी स्टाफला विचारून यादी करा, कारण ‘हे नाही का?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न रोज त्यांनाच ऐकावा लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा:

- गेल्या सहा महिन्यांत आपल्याला सगळ्यात मोठा फटका कोणता बसला?
- त्यानंतरच्या चार दिवसांत मी काय केलं? (काय वाटलं ते नको, काय केलं ते लिहा.)
- मी नसताना माझ्या दुकानात दिदीसारखा चेंडू उचलून सावकाश चालेल असा माणूस कोण?

तिसऱ्या ओळीत नाव सुचलं, तर उद्या सकाळी त्या माणसाला पाच मिनिटं बाजूला घेऊन सांगा की मी तुझं नाव लिहिलंय. नाव सुचलंच नाही, तर पुढच्या आठवड्याचा व्हिडिओ तुमच्यासाठीच आहे. विषय आहे, ‘दोन नंबरचा माणूस तयार कसा करायचा’. भेटू या.