ऑपरेशननंतर पडूनच राहायचं का?

प्रश्न : वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन कऱ्हाडला झालं. आता घरी आणलंय. चालू द्यावं का? – एक वाचक, कोयनानगर

उत्तर : जरूर चालू द्या. चालण्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. कोयनेच्या पावसात अंगण निसरडं, तेव्हा फेऱ्या ओटीवरच. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. मऊ भात, मुगाचं वरण थोडं थोडं, पण डॉक्टरांनी दिलेलं पथ्य आधी. जखमेला हळद नको, कोणीही सांगो! सहा आठवडे वजन उचलणं बंद.

पोट फुगलं, वारा सरेना, हिरवी उलटी झाली, टाक्यांतून पू आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. कऱ्हाड लांब आहे. लगेच १०८ला फोन करा.